ध्वजावरची रेघ

"पंधरा दिवसांत ध्वज बदलून दाखवतो, साहेब. आणि तोही एकाचंही तोंड वाकडं होऊ न देता!" असं इशेनकुलनं नगराध्यक्षांना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा त्याची बायको झिपार तिथं नव्हती. असती तर तिनं तिथल्या तिथं त्याची बाही ओढली असती.

इशेनकुल म्हणजे तोरूबुलाक नगरपालिकेच्या संस्कृती विभागाचा प्रमुख. विभागात तो एकटाच, त्यामुळे प्रमुख होणं फारसं जड गेलं नव्हतं. गावाच्या ध्वजावर बीट होतं. बिटापासून साखर काढणारा कारखाना चालू होता तेव्हा त्या बिटाला मान होता. कारखाना बंद पडून जमाना झाला आणि आता पाहुणे विचारायचे, तुमच्याकडे कांदा फार पिकतो का हो? नगराध्यक्ष कादिराली साहेबांना ते भारी झोंबलं. काहीतरी आपलं, डोंगरातलं, घोड्यांचं असं चिन्ह हवं, असा त्यांनी हुकूम सोडला.

आता गावात घराणी तीन, आणि मालकीची खूण म्हणून घोड्याच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडानं उमटवायचा प्रत्येकाचा डाग वेगळा. तिन्ही घराण्यांच्या म्हाताऱ्यांना ध्वजावर आपापलाच डाग हवा होता. एकाचा घ्यावा तर उरलेले दोघं इशेनकुलच्या घरचा चहा सोडणार! मग त्यानं डोकं चालवलं. कुणाचाच डाग घ्यायचा नाही, नवाच काढायचा. एक गोल, खाली बाहेर वळलेली दोन शिंगं. गोल म्हणजे सूर्य, शिंगं म्हणजे डोंगर. झालं!

कागद घेऊन तो तिघांकडे फिरला. हा तुमचा डाग आहे का? नाही. त्या दोघांचा आहे का? नाही. मग हरकत नाही ना? छे, मुळीच नाही! आपला नाही याचं दुःख होतं, पण त्या दोघांचाही नाही याचा आनंद त्याहून मोठा होता. ठराव एकमतानं पास झाला. तोरूबुलाकमध्ये एकमत ही चीज पहिल्यांदाच दिसली, त्यामुळे कुणाला शंका यायला हवी होती. पण नाही आली.

ध्वज चढवायच्या दिवशी खिंडीपलीकडच्या गावाला रीतसर आमंत्रण होतं. त्या गावाशी उन्हाळी कुरणावरून जुनं भांडण. निकाल जिल्ह्याचा अधिकारी त्याच महिन्यात देणार होता. कुरण गेलं तर तोरूबुलाकचे घोडे उन्हाळाभर खाणार काय? कादिराली साहेबांनी तर बजावून ठेवलं होतं, की कुरण गेलं तर माझी खुर्ची जाईल आणि माझ्याआधी तुझी.

पलीकडून कुरणावर दावा सांगणारे बोरोंचू आजोबा आले. वय ऐंशीच्या घरात, पण घोड्यावर अजून खिळ्यासारखे ताठ. ध्वज वर गेला. आजोबांनी बघितलं आणि ते घोड्यावरून उतरले. मान देताहेत म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी शांतपणे घोडा वळवला आणि त्याचा पुठ्ठा गर्दीकडे केला. पुठ्ठ्यावर एक गोल, खाली बाहेर वळलेली दोन शिंगं!

"ज्याच्यावर माझा डाग, ते माझं. बापानं मला एवढंच शिकवलं," आजोबा म्हणाले. "तुम्ही अख्खं गावच डागून ठेवलंत. आता मी नको कसं म्हणू?"

दुसऱ्या दिवशी त्यांचे कळप कुरणात चरत होते. इशेनकुल सांगत सुटला, अहो हा सूर्य आहे, हे डोंगर आहेत! जिल्ह्याचा अधिकारी म्हणाला, असतील, पण मला तर हा डागच दिसतोय. मग गावातले तिघे म्हातारे पुढे सरसावले आणि हा डाग मुळात आमचाच, असं तिघांनीही वेगवेगळं शपथेवर सांगितलं. त्यामुळे त्यांची आपसातच जुंपली आणि इशेनकुलला आपण काय काढलं होतं तेच कळेनासं झालं.

अखेर त्याला सुचलं. चिन्हाखाली एक रेघ ओढायची! रेघ आली की डाग निराळा, आणि आजोबांचा हक्क संपला. घाईघाईनं दुसरा ठराव झाला. म्हातारे मिश्या चोळत गप्प बसले. त्याला वाटलं, संमती आहे.

नवा ध्वज चढला. अधिकारी हजर, आजोबाही हजर. आजोबांनी रेघ पाहिली आणि मटकन खाली बसून ते रडायला लागले. हरला म्हातारा, असं इशेनकुलच्या मनात आलं, आणि त्याला वाईटही वाटलं.

"तीन पोरं माझी," आजोबा डोळे पुसत म्हणाले. "तिघंही मॉस्कोत गाड्या चालवतात. घोडे पाळायला एकही राहिला नाही. पोरगा वेगळं बिऱ्हाड करतो तेव्हा बापाच्या डागाला एक रेघ जोडतो. ती बघायला माझा जीव तरसला होता. आणि तू, परक्यानं, भर चौकात जोडलीस, बाळा!"

इशेनकुलनं गर्रकन वळून म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं," एक म्हातारा म्हणाला. "पण तू आम्हाला विचारलंस कुठं?"

आजोबांनी तिथंच अधिकाऱ्याला सांगितलं, की बापलेकात गवतावरून वाद कसला? दावा मागे. कुरण दोघांचं! गाव नाचलं, कादिराली साहेबांनी इशेनकुलला मिठी मारली, आणि तो खरोखर तरंगतच घरी आला.

दारात खोगीर पडलं होतं. शेजारी एक ट्रंक, गुंडाळलेली गादी आणि कुमिसची, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, कातडी पिशवी. आत, दारासमोरच्या मानाच्या जागी, आजोबा मांडी घालून बसले होते. झिपार त्यांना तिसऱ्यांदा चहा ओतत होती आणि नवऱ्याकडे अशी बघत होती, की इशेनकुलनं टोपी काढावी की तशीच घेऊन पळावं हे त्याला ठरवता येईना.

"आलास, बाळा? ये, बस," आजोबा म्हणाले. "म्हातारपणी बाप लेकाकडे नाही राहणार तर कुठं राहणार?" मग चहाचा घोट घेऊन त्यांनी कपाळाला आठी घातली. "आणि ती रेघ जरा वाकडी आलीय. उद्या सरळ कर. आपल्या घराण्यात असलं चालत नाही."