सासूबाईंचा आवाज गेला कुठे?

टापटीपरावांनी आजवर जेवढी संकटं ओढवून घेतली, ती सगळी घर आवरताना. हे नाव त्यांना कचेरीतल्या लोकांनी दिलेलं. (खरं नाव पगारपत्रकावर असेल, पण तिथलं नाव वाचतो कोण!) एखादी वस्तू जरा वेळ एका जागी पडून राहिली, की त्यांचे हात शिवशिवायला लागत, आणि मग ती वस्तू पुन्हा दिसण्याची आशा घरातल्यांनी सोडून दिलेली बरी.

त्या शुक्रवारी त्यांनी घेतलेला निर्णय तसा अगदी लहान होता. बायकोने सासूबाईंच्या आवाजाची जुनी कॅसेट स्टुडिओवाल्याकडून डिस्कवर उतरवून घेतली होती. आता डिस्क आली म्हटल्यावर कॅसेट कशाला? टापटीपरावांनी डिस्क कॉम्प्युटरपाशी ठेवली आणि कॅसेट स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. सकाळी बादली रिकामीही झाली. घर कसं हलकं वाटत होतं.

सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा आवाज असा त्या एका कॅसेटवरच उरला होता. पूर्वी कधीतरी त्यांनी पत्र लिहायच्या कंटाळ्याने लांब राहणाऱ्या बहिणीला गप्पाच भरून पाठवल्या होत्या, आणि बायकोने नाना मिनतवाऱ्या करून मावशीकडून ती कॅसेट परत मिळवली होती. घरी ती कोणी ऐकलेली नव्हती. घरातला कॅसेट प्लेअर टापटीपरावांनी स्वतः दुरुस्त केलेला असल्यामुळे कायमचा बंद होता.

"दुपारी मी दवाखान्यातून आले की तिघांनी मिळून ऐकू," बायको शनिवारी सकाळी चपला घालताना म्हणाली. "तोवर तुम्ही डिस्कला हात लावू नका."

"छे छे!" टापटीपराव म्हणाले, आणि दार लागताच त्यांनी हात लावला.

हेतू चांगला होता. ऐन वेळी फजिती नको, म्हणून आधी लावून बघावी एवढंच. पण डिस्क उजेडात धरली तर तिच्यावर बोटांचे ठसे! असली डिस्क बायकोला ऐकवायची? त्यांनी ती बेसिनमध्ये साबणाने स्वच्छ धुतली, टॉवेलने टिपली आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर आकडे पळू लागले, हिरव्या पट्ट्या वरखाली नाचू लागल्या. पण आवाज नाही. खरखरसुद्धा नाही.

आवाजाचं बटण त्यांनी शेवटपर्यंत वर ढकललं. स्पीकरचा कान पिळायचा तेवढा पिळला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मग पुन्हा केला. टेबलाखाली शिरून (तिथल्या सगळ्या वायरी त्यांनीच मागे एका सुंदर जुडीत बांधून टाकल्या होत्या) एकेक वायर उपसली आणि पुन्हा खोचली. शेवटी कचेरीतून मिळालेली प्रशिक्षणाची डिस्क लावून पाहिली. तीही मुकी. यावरून शहाण्या माणसाने ओळखलं असतं, की दोष डिस्कचा नाही. टापटीपरावांनी असं ओळखलं, की ओल्या डिस्कमुळे पाणी कॉम्प्युटरच्या घशात गेलं आहे.

त्यांनी स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"डिस्कचा आवाज येत नाही हो."

"आमच्याकडे तर येत होता. काही केलंत का तिला?"

"विशेष काही नाही. धुतली."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. (टापटीपरावांना वाटलं, आता फोनही गेला.)

"काय केलीत?"

"धुतली. साबण सौम्य होता."

"असू दे," स्टुडिओवाला सावरत म्हणाला. "मूळ कॅसेट आहे ना? ती घेऊन या, दुसरी करून देतो."

टापटीपरावांनी फोन ठेवला आणि ते खुर्चीत मटकन बसले. बायकोच्या रागाची त्यांना सवय होती, पण ती रागावली नाही तर? नुसती गप्प बसली आणि रडली तर? आणि त्यांना स्वतःलाही सासूबाई फार आवडायच्या. त्यांचा तो खणखणीत, जिन्यातूनच बोलत येणारा आवाज आपण बेसिनमध्ये ओतून टाकला, या विचाराने त्यांना भरून आलं. पुन्हा आत घातलेली सासूबाईंची डिस्क तशीच मुक्याने फिरत होती. निदान नानांना आधी सांगून टाकावं, असं त्यांनी ठरवलं.

नाना म्हणजे सासरे. मुलीकडे राहायला आल्यापासून आतली खोली त्यांची होती. ते कानाने कमी ऐकत, म्हणून टापटीपरावांनी त्यांना टीव्हीसाठी बिनवायरचा हेडफोन आणून दिला होता. टीव्ही असो वा नसो, नाना तो दिवसभर कानांवर चढवून बसत. तो कानांवर असला की आपल्याला कोणी काम सांगत नाही, असा शोध त्यांना लागला होता. आत्ताही टीव्ही बंद होता आणि नाना हेडफोन लावून खिडकीशी बसले होते.

"नाना," टापटीपराव दारातूनच म्हणाले, "माझ्या हातून फार वाईट झालंय."

नानांनी मान डोलावली.

"आईंची डिस्क मी धुतली. कॅसेट तर कालच फेकून दिली. मी गाढव आहे, नाना."

नानांनी पुन्हा मान डोलावली, या वेळी जरा जोरात. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू.

"तुम्ही देवमाणूस आहात!" टापटीपराव गहिवरून म्हणाले. "मला क्षमा केलीत!"

नानांनी गप्प राहण्याची खूण केली, थोडा वेळ तसेच बसून राहिले आणि मग एका कानावरचा हेडफोन बाजूला सारला.

"हं, आता बोला, जावईबापू. मघापासून तोंड हलवताय ते काय? आणि तिला सारखं मध्येच का थांबवताय?"

"कोणाला?"

"तुमच्या सासूबाईंना! जन्मात कोणाची छाती झाली नाही तिचं वाक्य तोडायची. तुम्ही सकाळपासून तोडताय. मध्येच तो कोण माणूस घुसवलात? फायलींना दोरा कसा बांधावा ते सांगत होता."

टापटीपरावांनी झडप घालून हेडफोन आपल्या कानाला लावला. आत सासूबाई ठणठणीत बोलत होत्या! हेडफोन आणला त्या दिवशी त्यांनी तो आधी कॉम्प्युटरला जोडून पाहिला होता. ती जोडणी काढायची ते विसरले, पण कॉम्प्युटर काही विसरला नव्हता. सकाळपासूनचा सगळा आवाज इमानेइतबारे नानांच्या कानात जात होता. टापटीपरावांचा जीव भांड्यात पडला. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि हसता हसता त्यांनी टॉवेलने डोळे पुसले.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम माझ्यासाठी लावलंय," नाना म्हणाले. "म्हटलं, जावई मनकवडा आहे. पण मघाशी तुम्ही काय सांगत होतात?"

"काही नाही. जेवायला वाढू का, विचारत होतो."

दुपारी बायको आली. टापटीपरावांनी हेडफोन बंद केला आणि ऐटीत डिस्क सुरू केली. मात्र सकाळी पिळलेले सगळे कान तसेच पिळलेले होते, हे त्यांच्या लक्षात राहिलं नाही. "अगं ताई, मी बोलतेय!" या पहिल्याच वाक्याला खिडकीची तावदानं थरथरली. जिन्यात पावलं थांबली. टापटीपराव आवाज कमी करायला धावले.

"राहू दे," बायको म्हणाली. खांद्यावरची पर्स तशीच होती आणि तिने हाताने तोंड झाकलं होतं. "असाच राहू दे."

तो तसाच राहिला. सासूबाईंनी साऱ्या बिऱ्हाडांना आपल्या गुडघ्यांची हकिगत सांगितली, मग त्या जावयावर आल्या.

"माणूस सोन्यासारखा आहे हो!" (टापटीपरावांनी कॉलर नीट केली.) "फक्त त्याला आवरायला देऊ नये. परवा ह्यांची कवळी कागदात गुंडाळलेली होती, तर कागद म्हणून फेकून दिली! सापडली, पण तोवर ह्यांना दूध पीत बसावं लागलं. म्हणून लेकीला सांगून ठेवलंय, ह्याने घर आवरलं की आधी बादली बघायची, मग अंथरुणाला पाठ टेकायची!"

बायकोने डोळे पुसले, पर्स उघडली आणि कॅसेट काढून कॉम्प्युटरशेजारी ठेवली.

"बघते हो आई, रोज बघते," ती स्पीकरला म्हणाली.

टापटीपराव कॅसेटकडे बघतच राहिले. त्यांना लाज वाटायला हवी होती, पण इतकं सुटल्यासारखं वाटत होतं, की लाज वाटायचं राहूनच गेलं. नाना तर खुर्चीत हसून हसून कळवळत होते. एवढ्यात जिन्यातून वरच्या मजल्यावरच्या काकूंची हाक आली.

"वहिनी! आमच्या दारातलं पायपुसणं कालपासून दिसत नाही. तेही तुमच्याकडेच असेल का हो?"

"हो काकू," बायकोने आतूनच सांगितलं. "धुऊन वाळत घातलंय. ह्यांच्याच हाती पाठवते."