कलपाचा दावा

भाऊबीजेला सानगडीला माहेरी गेलेली मंदाबाई होळी झाली तरी परतली नव्हती. नवरा न्यायला आल्याशिवाय बाईने आपल्या पायाने सासरी यायचं नाही, ही रीत. आणि "जायचं तं जा, मले काही अडत नाही," असं बोलून बसलेल्या जागेश्वरला आता न्यायला जायला तोंड नव्हतं. अडत मात्र पदोपदी होतं. भात करपायचा, आणि दोन पाट मांडून झाल्यावर त्याच्या लक्षात यायचं की जेवणारा एकच आहे.

शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. मेव्हण्या म्हातारा म्हणून चिडवतील, या धास्तीने त्याने लाखांदूरच्या बाजारातून कलपाची पुडी आणली आणि निघायच्या आदल्या दिवशी डोक्याला, मिशीला सढळ हाताने कलप चोपडला. सकाळी तोंड भोपळ्याएवढं सुजलेलं, डोळे बंद. सानगडीकडे जाणारी एस.टी. त्याला नुसती ऐकू आली.

सूज उतरायच्या आतच शेजारच्या भोजराजने त्याला भंडाऱ्याला घनश्याम वकिलांपुढे नेऊन बसवलं. ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता आणि वकिलांना तो कलपाच्या कंपनीवर वापरून पाहायची भारी घाई.

"सूज तं उतरून जाईन. आणखी काय नुकसान झालं तुमचं?"

"बायको घरी नाही, साहेब."

वकील खुर्चीतून उठलेच. "हेच! तोंड पाहून बायको गेली!"

"ते तं आधीच गेली होती जी."

"ते मी पाहून घेतो. फक्त निकाल लागेपर्यंत तिले घरी आणू नका. बायको परतली तं भरपाई कायची मागू?"

झालं! बायकोला आणायला निघालेला माणूस तिला न आणण्याचं कबूल करून आला. तारखेवर तारीख पडू लागली. जागेश्वर बाजाराच्या दिवशी सानगडीत उगाच फिरायचा. मंदाबाई दिसली की पोत्यांमागे लपायचा, आणि नाही दिसली तर घरी येऊन उपाशी झोपायचा.

पुढे कंपनीच्या वकिलाने साक्षीला थेट मंदाबाईलाच बोलावलं.

"नवऱ्याचं सुजलेलं तोंड पाहून घर सोडलंत?"

"कोणतं तोंड? मी तं भाऊबीजेले गेली."

"मग परत का नाही आलात?"

"न्यायले कोणी आलंच नाही." तिने पदर डोळ्यांना लावला. "रोज एस.टी.ची वाट पाहत होती मी."

जागेश्वरला राहवेना. तो मागच्या बाकावरून उठून ओरडला, "अवं, येऊनच राहिलो होतो न! तुह्यासाठीच तं लावला तो कलप!"

दावा तिथेच निकालात निघाला. घनश्याम वकील फाइल काखोटीला मारून कोणाकडे न बघता निघून गेले. जागेश्वरला त्याचं काहीच वाटलं नाही. स्टँडवर त्याने मंदाबाईच्या पिशवीला हात घातला. "चाल, घरी जाऊ."

तिने पिशवी ओढून घेतली. "कोर्टातून कोणी बायको नेते का? रीतीनं सानगडीले या."

"मंग चाल, संगच येतो."

"संग उतरलो तं लोक म्हणतीन, मीच धरून आणलं. तुम्ही मांगच्या गाडीनं या."

मागची गाडी अडीच तासांनी होती. मंदाबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "येजा बरं!"

जागेश्वरने कंट्रोलरला मागच्या गाडीची वेळ पहिल्यांदा विचारली, तेव्हा तिची गाडी अजून फाटकाबाहेरही पडली नव्हती.