दीडशे रुपयांत उजळलेली भिंत

तंजावुरात गुन्हे फारसे घडत नाहीत, याचं श्रेय पोलिसांचं नसून आपलं आहे, अशी सीतारामरावांची प्रामाणिक समजूत होती. तार ऑफिसातून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्डं छापून घेतली: ‘सीतारामराव, गुप्त शोधक. नजर घारीची, बुद्धी वस्ताऱ्याची, फी माफक. दुपारची झोप सोडून केव्हाही भेटा.’ अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या तारा वाचल्यामुळे समोरच्याच्या मनातलं आपल्याला दहा शब्दांत ओळखता येतं, असं ते सांगत. आजवर त्यांनी दोन प्रकरणं हाताळली होती. पहिल्यात हरवलेली छत्री सापडली. ती त्यांचीच होती. दुसऱ्यात एक मांजर पुराव्याअभावी सुटलं.

तिसरं प्रकरण शहाण्णव साली, नवरात्राच्या आठवडाभर आधी आलं, आणि ते घरातलंच निघालं. त्यांच्या भाचीचा, श्रीविद्येचा, नवरा रघुनाथ त्यांच्यासमोर येऊन बसला.

“मामा, माझा धंदा कुणीतरी मारतंय.”

सीतारामरावांनी डोळे मिटले. “बोलू नकोस. तुझ्या पायांवर पाण्याचे डाग आहेत. पँट गुडघ्यापर्यंत ओली आहे. तू नदीवरून आलास.”

“भिंत धुऊन आलो. माझीच. दुसऱ्या कुणाची मिळाली नाही.”

रघुनाथ ज्या भातगिरणीत हिशेब लिहायचा ती बंद पडली, तेव्हा त्यानं कोईमतूरहून एक जुनं यंत्र आणलं होतं. मोटर चालू केली, की नळीच्या टोकातून पाण्याची अशी धार सुटे की भिंतीवरचं दहा वर्षांचं शेवाळ दहा मिनिटांत खाली येई. गल्लीतली पोरं त्याला ‘तण्णी तुप्पाक्की’ म्हणत, पाण्याची बंदूक. काळ्या पडलेल्या भिंतीतून मूळचा पिवळा रंग वर येताना पाहिला की रघुनाथला गिरणीतल्या चौदा वर्षांत कधी वाटलं नव्हतं असं काहीतरी वाटायचं. घराचा दर्शनी भाग धुवायचे दीडशे रुपये. पाचशे जाहिराती तमिळमध्ये छापून त्यानं स्वतः वाटल्या. तीन घरं मिळाली. तिन्ही घरचे लोक भिंतीकडे बघून हरखले. आणि त्यानंतर, नवरात्राच्या तोंडावर, सगळं गाव घर साफ करत असताना, एकही गिऱ्हाईक नाही! सहा वर्षं वाट पाहून मिळालेला फोन वाजायचा तो रॉंग नंबरसाठी.

आणि दिवाळीपर्यंत जमलं नाही, तर श्रीविद्येच्या भावाच्या, एकोजीच्या, कुंभकोणमच्या खताच्या दुकानात जाऊन बसायचं ठरलं होतं. एकोजी भला माणूस होता. पण युरियाची पोती मोजता मोजता भलेपणावर बोलायची त्याला सवय होती.

“इथं कुठंतरी पाणी मुरतंय,” सीतारामराव म्हणाले.

“मुरत नाही मामा, तीच तर यंत्राची खुबी आहे.”

“आणि कुणीतरी तुला पाण्यात पाहतंय. आजपासून तू माझा सहायक.”

रघुनाथ गिऱ्हाईक म्हणून आला होता. सायकलवर मामांना मागे बसवून फिरवणारा सहायक होऊन बाहेर पडला.

पहिला तर्क दराचा होता. “दीडशे हा आकडा उद्धट आहे,” सीतारामरावांनी निकाल दिला. “नव्व्याण्णव कर. त्यात नम्रता आहे.” रघुनाथनं दारावरची दराची पाटी बदलली. तीन दिवस कुणी फिरकलं नाही. “पंचाहत्तर कर.” पंचाहत्तर केल्यावर एक म्हातारे थांबले, पाटी वाचली आणि विचारलं, “एवढ्यात कसं परवडतं? त्या पाण्यात काय घालता?” आणि लांबून निघून गेले.

दुसरा तर्क फोनचा होता. कुणीतरी तार जोडून गिऱ्हाइकं मधल्यामध्ये पळवतंय! सीतारामराव स्वतः खांबावर चढले. ते चढले तेव्हा रॉंग नंबर येत होते. उतरले तेव्हा तेही बंद झाले होते. दुरुस्तीला दोन दिवस लागले.

तिसऱ्या तर्कासाठी ते घटनास्थळी गेले. मेडिकल कॉलेज रस्त्याजवळच्या वसाहतीत सूर्यनारायण सार राहत. निवृत्त हेडमास्तर, म्हणून गावाला ‘सार’, म्हणजे सर. रघुनाथचं हे पहिलं गिऱ्हाईक. फाटकाशीच दोघं थबकले. रघुनाथनं पंधरा दिवसांपूर्वी धुतलेल्या त्या लख्ख पिवळ्या भिंतीवर पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: ‘रंग ओला आहे. हात लावू नये.’

“मामा, इथं रंग कुठला?” रघुनाथनं भिंतीवर बोट फिरवलं. “कोरडी आहे.”

“लवकर वाळणारा,” सीतारामराव कुजबुजले. “परदेशी! बाजार उघडल्यापासून काय वाटेल ते आत येतंय. आलं का ध्यानात? तू धुतोस, आणि तुझ्यामागून रंगाऱ्यांची टोळी येऊन तुझा पुरावा रंगवून टाकते!”

“माझंच काम पुसायला माझ्या कामासारखाच रंग?”

“म्हणून तर ते मुरलेले गुन्हेगार!”

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला दोघं समोरच्या शहाळ्यांच्या ढिगाआड दबा धरून बसले. दबा धरायचा असला तरी शहाळेवाल्याला धंदा हवा होता. साडेबारापर्यंत सीतारामरावांची पाच शहाळी झाली आणि दबा फार वेळ धरवेल असं वाटेना. तेवढ्यात एक माणूस आला. रंगाचे शिंतोडे उडालेली लुंगी. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, भिंतीला नाक लावलं, नखानं खरवडलं आणि खिशातून रंगांच्या नमुन्यांचं कार्ड काढलं.

“धर!” सीतारामराव ओरडले आणि स्वतःच शहाळ्यांवरून घसरून त्या माणसाच्या पायाशी पोहोचले.

त्यानं त्यांना हात धरून उठवलं. त्याचं नाव सुब्रमण्यम. तो खरोखरच रंगारी होता आणि टेकीला आलेला होता. “मला वाटलं, तो मद्रासचा रंगारी तुम्हीच,” तो तमिळमध्ये म्हणाला. “अहो, जो येतो तो म्हणतो, सूर्यनारायण सारांच्या घरासारखा रंग दे. मी सात डबे कालवले. हा पिवळा जमत नाही. दोन कामं हातची गेली. कुठं राहतो हो तो?”

सीतारामरावांचे डोळे चमकले. परतताना सायकलच्या मागून ते सारखे बोलत होते. “तिसरा माणूस आहे, रघुनाथ! मद्रासहून येतो. चेहरा कुणी पाहिलेला नाही. तुलाही बुडवतो, सुब्रमण्यमलाही बुडवतो. रात्रीत घर रंगवून नाहीसा होतो!”

रघुनाथ पेडल मारत राहिला. त्याला युरियाचा वास यायला लागला होता.

घरी श्रीविद्या नुकतीच आली होती. नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, त्या बघायला बायका एकमेकींकडे जातात. ती चार घरं फिरून आली होती आणि चार घरचं सुंडल, खोबरं घातलेली प्रसादाची उसळ, एका वाटीत घेऊन बसली होती. मामांनी उभ्या उभ्या सगळं प्रकरण सांगितलं. तिनं वाटीतला हरभरा तोंडात टाकला.

“अय्यो मामा, कुणी रंगारी नाही हो. सूर्यनारायण सारांच्या घरी मी आत्ताच गेले होते. त्यांची बायको सगळ्या बायकांना सांगत होती, ‘बाहेरून रंग लावून घेतला. मद्रासचा माणूस बोलावला. अकरा हजार झाले.’ पाटीही त्यांनीच लावली. मी यांची बायको, हे त्यांना ठाऊक नाही. यांनी धुतलेल्या दुसऱ्या दोन घरांतही तेच. एकीनं तर रंगाच्या कंपनीचं नावसुद्धा सांगितलं.”

रघुनाथ हळूच खाली बसला.

“पण का?” त्यानं विचारलं. “काम तर त्यांना आवडलं होतं!”

“आवडलं म्हणूनच. शेजारचा विचारतो, रंग लावलात वाटतं? त्याला दीडशे रुपयांत धुऊन घेतलं म्हणून कोण सांगेल? बाहुल्यांच्या फुलांना त्याहून जास्त लागतात. तुम्ही दर सांगण्यासारखा ठेवलाच नाही. आणि मामांनी तर तो पंचाहत्तरावर आणला!”

“मी म्हटलंच होतं,” सीतारामराव म्हणाले, “की गोम दरातच आहे. सहायक, चल. आरोपीला ताब्यात घेऊ.”

“तुम्ही दोघं बसा,” श्रीविद्या म्हणाली. “शहाळी प्यालात ना? विश्रांती घ्या.”

पण रघुनाथ तिच्याबरोबर गेलाच. त्याला पाहून सूर्यनारायण सारांचा चेहरा भिंतीहून पिवळा झाला. पस्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, त्यानं दार लोटून घेतलं आणि तो हळू आवाजात म्हणाला, “पहिल्या दिवशी गावाहून परतलेले शेजारीच म्हणाले, रंग छान आहे. मी नाही म्हणायला उशीर केला. मग तो उशीर वाढतच गेला. उद्या गल्लीत सांगू नका. माझी इतक्या वर्षांची...”

रघुनाथनं घरून चार वाक्यं घोकून आणली होती, बरीच कडक. पण त्या म्हाताऱ्या माणसाला दाराची कडी पुन्हा पुन्हा चाचपताना पाहून त्याला एकही आठवेना. “सार, भिंत खरंच छान निघाली,” एवढंच तो म्हणाला. “हेच मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“कुणाला काही कळायचं नाही,” श्रीविद्या म्हणाली. “तुम्ही एवढंच सांगा, की हा महागाचा रंग टिकवायचा म्हणून आता आम्ही तो दर वर्षी यंत्रानं धुऊन घेणार. परदेशी पद्धत. नऊशे रुपये.”

“पण मी तर दीडशेच दिले.”

“ते पहिलं गिऱ्हाईक म्हणून. या वर्षीच्या धुण्याचे तुमच्याकडून काहीच घ्यायचे नाहीत. मात्र धुणार शुक्रवारी संध्याकाळी, गल्लीतल्या सगळ्या बायका बाहुल्या बघायला बाहेर पडतात तेव्हा.”

शुक्रवारी रघुनाथनं आधीच स्वच्छ असलेली भिंत पाऊण तास धुतली. सूर्यनारायण सार खुर्ची टाकून फाटकाशी बसले होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारताच सांगत होते, “नऊशे घेतो. पण हल्ली चांगल्या वस्तूला पैसे मोजावेच लागतात.” सुब्रमण्यमही आला. यंत्र फिरून फिरून पाहिलं, कपाळावर हात मारून घेतला आणि मग म्हणाला, “आधी तू धू, मग जिथं लागेल तिथं मी रंगवतो.” दोघांनी तिथंच हात मिळवले.

सीतारामरावांनी वहीत ‘उलगडले’ असं लिहून खाली सही केली. भाचीचं नाव घालायला जागा उरली नव्हती.

शनिवारी सकाळी फोन वाजला. रघुनाथनं सवयीनं रॉंग नंबर म्हणून ठेवायला घेतला, पण बाईंचा आवाज ठणठणीत होता.

“मी विशालाक्षी. सूर्यनारायण सारांच्या समोरचं घर. त्यांच्याकडून नऊशे घेतलेत म्हणे?”

“हो, पण...” रघुनाथ अडखळला. तो गिरणीत चौदा वर्षं खरे आकडे लिहिलेला माणूस होता. “पण तुमचं घर लहान आहे, अम्मा. तुम्हांला कमी...”

“लहान कुणाला म्हणता?” बाई कडाडल्या. “समोरच्यांपेक्षा कमी मुळीच देणार नाही मी! हजार लावा.”

श्रीविद्येनं त्याच्या हातून रिसीव्हर काढून घेतला.

“बाराशे होतील,” ती म्हणाली. “आणि सोमवारच्या आत जमणार नाही.”