शंभर वर्षांचं नवं घर

"फ्लॅट म्हणजे काय रे? खाली दुसऱ्याचं छत, वर दुसऱ्याची फरशी, चारी बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती! मग आपण विकत घेतो काय? मधली हवा! आणि त्या हवेसाठी वीस वर्षं कर्ज फेडायचं!"

हे भाषण कुंडलिकने कांदिवलीतल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला निदान दोनदा ऐकवलं होतं. कुणी 'फ्लॅट' हा शब्द नुसता उच्चारला की त्याची बायको शकु चहा टाकायला उठायची. चहा घेऊन बाहेर येईपर्यंत मधली हवा विकून झालेली असायची.

"माणसाने जमीन घ्यावी आणि तिच्यावर स्वतःचं घर बांधावं," कुंडलिक कप उचलत म्हणायचा. "थोडं डोकं लागतं, बाकी काही नाही!"

डोकं आपल्याकडे आहे याबद्दल निदान कुंडलिकला तरी शंका नव्हती. महापालिकेच्या हिशेब खात्यात हेडक्लार्क म्हणून त्याने उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवला होता. अशा माणसाची स्वतःची चूक होणार कशी?

तर त्याने मढच्या गावठाणात सखुबाई कोळणीकडून जमिनीचा एक तुकडा घेतला. तुकडा म्हणजे तुकडाच! सखुबाई त्यावर बोंबील सुकवायची. पण कागद चोख होते, परवानगी मिळाली, आणि बँकेने जमीन आणि बांधकाम दोन्हींसाठी कर्जही मंजूर केलं. कुंडलिकने त्याच दिवशी नांदेडला शिवदासकाकांना फोन लावला. वडील गेल्यावर ह्या काकांनीच त्याला शिकवलं होतं.

"काका, बंगला बांधतोय! बुद्ध पौर्णिमेला गृहप्रवेश. सगळ्यांनी यायचं!"

आरक्षण सुरू होताच काकांनी भावकीतल्या सगळ्यांची तिकिटंसुद्धा काढून टाकली.

आता घर बांधायला काढलेलं कर्ज एकदम हातात मिळत नाही, हे ज्यांनी घर बांधलंय त्यांना ठाऊक असेलच. सासू जावयाला लाडू वाढते तसं बँक पैसे वाढते. पहिला संपला का ते ताट दाखवा, मग दुसरा! पाया दाखवा, पैसे घ्या. स्लॅब दाखवा, पैसे घ्या. प्लास्टर दाखवा, पैसे घ्या. इथपर्यंत कुंडलिकचं सगळं झकास चाललं होतं. शेवटच्या टप्प्याचा नियम असा होता की रंगकाम झालेलं घर दाखवायचं आणि उरलेले पैसे न्यायचे. आणि रंगाचे पैसे? ते त्या उरलेल्या पैशांतच होते!

म्हणजे रंग लावल्याशिवाय पैसे नाहीत आणि पैशांशिवाय रंग नाही. इकडे कांदिवलीच्या खोलीचं भाडं, तिकडे कर्जाचं व्याज. पौर्णिमा जवळ येत चाललेली. शकुने बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, तेव्हा कुंडलिक पहिल्यांदा हादरला.

"बांगड्या घाल आधी," तो म्हणाला. "काहीतरी मार्ग निघेल."

मार्ग पुढच्याच रविवारी निघाला. मार्गाचं नाव अनय! कपाळावर गॉगल, दोन्ही हातांत एकेक फोन. तो घराभोवती दोन चकरा मारून आला आणि कुंडलिकच्या पुढ्यात उभा राहिला.

"सर, मी सिरियलचा प्रॉडक्शन मॅनेजर. लोकेशन एक नंबर आहे! शूटिंगला द्या ना. भाडं देऊ. आणि आतून-बाहेरून अख्खं घर आम्ही पेंट करून घेऊ. खर्च आमचा!"

कुंडलिकच्या डोक्यात आकडे भराभर आपापल्या जागी बसले. रंग फुकट, वर भाडं, वर बँकेचा शेवटचा टप्पा! त्याने करारावर तिथेच सही ठोकली. दुसऱ्यांचे व्हाउचर भिंगाखाली धरणाऱ्या ह्या माणसाने 'मालिका सुरू असेपर्यंत' हे तीन शब्द मात्र वाचलेच नाहीत.

"ह्याला म्हणतात डोकं!" तो घरी येऊन म्हणाला.

"कुठला रंग देणारेत, विचारलंत?" शकु म्हणाली.

"अगं, फुकटच्या रंगाला नाव कशाला विचारायचं? बँकेला रंग हवाय. कुठला का असेना!"

आणि त्याच जोशात त्याने बँकेला फोन करून तपासणीची तारीखही घेऊन टाकली!

तपासणीच्या सकाळी कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो मढच्या बसमधून उतरला. गल्लीत वळला. थांबला. मागे जाऊन पुन्हा वळला. सखुबाई ओट्यावर कोळंबी सोलत बसली होती.

"सखुबाई, माझं घर कुठाय?"

"ह्यो काय, तुझ्या म्होरं!"

समोर एक भग्न वास्तू उभी होती. भिंतींना वरपासून खालपर्यंत भेगा. भेगांतून शेवाळ. गच्चीवरून वडाच्या पारंब्या लोंबत होत्या. एक खिडकी एकाच बिजागरीवर लटकत होती, आणि दारावर एवढं जाळं की त्यातला कोळीही नक्कीच वारला असावा!

"अनय! अरे, रंग कुठाय?"

"हाच रंग सर!" अनय अभिमानाने म्हणाला. "चार आर्टिस्ट राबलेत. नुसत्या शेवाळाला बारा शेड! हॉरर सिरियल आहे ना."

"पारंब्या?"

"फोम!"

"बाला, मना इचारायचंस तरी," सखुबाई कोळंबीवरची नजर न काढता म्हणाली. "मागल्या साली माझ्या आंगनान शूटिंगवाल्यांची पोलिस चौकी व्हती. म्हैनाभर माझ्याच घरान जायाला इन्स्पेक्टरला इचारायला लागं!"

कुंडलिकने रुमाल थुंकीने ओला केला आणि समोरची एक भेग खसाखसा पुसायला घेतली. दोन इंच भेग पुसली गेलीही! तेवढ्यात "कंटिन्युइटी! कंटिन्युइटी! कालच्या शॉटमधली भेग आज तशीच हवी!" असं किंचाळत चार आर्टिस्ट धावत आले, आणि त्यांनी घरमालकाला उचलून व्हॅनिटी व्हॅनच्या मागे नेऊन बसवलं.

नेमके त्याच वेळी बँकेचे व्हॅल्युअर चंद्रप्रकाश तपासणीला तिथे पोचले. हातात फाईल, डोक्यावर पिवळं हेल्मेट. त्यांनी बाहेरून घर पाहिलं, पत्ता ताडून पाहिला, सुस्कारा सोडला आणि आत गेले.

आत जिन्यावर विनिता बसली होती. ही मालिकेतलं भूत. पांढरी साडी, पांढरे केस, पिठात घोळवल्यासारखा चेहरा. त्या दिवशीच्या प्रसंगात एक सरकारी इंजिनियर भुताला भेटायला येणार होता आणि ते काम करणारा नट नवीन होता. फाईल आणि हेल्मेट पाहून विनिताला वाटलं, आला बिचारा तालीम करायला!

"बाई, तुम्ही इथे राहता?" चंद्रप्रकाशनी विचारलं.

विनिताने सावकाश मान वर केली. "शंभर वर्षं झाली!"

चंद्रप्रकाशचा चेहरा उतरला. मुंबईत वीस वर्षं नोकरी केलेला माणूस तो. "पागडी!" ते पुटपुटले. "जुने भाडेकरू. मालक जागा खाली करून मागत असतील ना?"

"मला ह्या वास्तूतून कुणीही बाहेर काढू शकत नाही!"

"कोर्टात गेलं होतं का कुणी?"

असा संवाद संहितेत नव्हता. पण नवा नट घाबरला असेल म्हणून विनिताने त्याला सांभाळून घेतलं. "जे मला काढायला आले," ती दात विचकून म्हणाली, "ते जिवंत परत गेले नाहीत!"

'कब्जेदार महिला धमक्या देते,' असं चंद्रप्रकाशनी फाईलमध्ये टिपून घेतलं.

ते बाहेर पडले तेव्हा कुंडलिक कसाबसा सुटून धावत आला. "साहेब! ती भाडेकरू नाही हो! ती भूत आहे!"

जो माणूस आयुष्यभर 'आपण भूतबीत मानत नाही' म्हणून छाती पुढे काढून फिरला, त्याच्यावर भर रस्त्यात हे ओरडायची पाळी यावी! पण त्याचाही उपयोग झाला नाही.

"भाडेकरूंना मालक काय काय म्हणतात ते मी रोज ऐकतो," चंद्रप्रकाश थंडपणे म्हणाले आणि रिक्षात बसले.

दोन दिवसांनी बँकेतून बोलावणं आलं. कर्ज विभागाच्या चेतना मॅडमनी अहवाल वाचून दाखवला. इमारतीचं वय अंदाजे शंभर वर्षं. अवस्था धोकादायक. शिवाय जुना भाडेकरू.

"मॅडम, स्लॅब मार्चमध्ये टाकलाय! तुम्हीच तर पैसे दिलेत!"

"तोच तर प्रश्न आहे," मॅडम म्हणाल्या. "आम्ही पायाला पैसे दिले, स्लॅबला दिले, प्लास्टरला दिले. आणि घर तर शंभर वर्षांपूर्वीच बांधून झालंय! मग आमच्या पैशांचं तुम्ही केलंत काय?"

उभा जन्म हाच प्रश्न कुंडलिक दुसऱ्यांना विचारत आला होता! खुलासा झाला नाही तर अख्खं कर्ज एकदम परत मागावं लागेल, असं मॅडमनी अगदी गोड आवाजात सांगितलं. कुंडलिकची पुरती वाट लागली! जमीन जाणार, घर जाणार, आणि पौर्णिमेला नांदेडची मंडळी येऊन थडकणार!

विनिता स्वभावाने फार चांगली मुलगी. झालेला घोटाळा ऐकून ती बिचारी स्वतःहून बँकेत आली. जीन्स, पोनीटेल, पाठीला सॅक. चंद्रप्रकाशनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"ही नव्हे. ती म्हातारी होती."

झालं! दुसऱ्या दिवशी विनिता शूटिंगमधून तशीच आली. पांढरी साडी, पांढरे केस, पांढरा चेहरा. टोकन घेऊन बाकावर बसली. बाक पाच सेकंदांत रिकामा झाला आणि रांगेतल्या सगळ्यांनी तिला आपण होऊन पुढे जाऊ दिलं!

"हीच ती!" चंद्रप्रकाश म्हणाले.

चेतना मॅडमनी तिचं आधार कार्ड हातात घेतलं, एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा भुताकडे. "फोटो जुळत नाही."

शेवटी तिने तिथल्या तिथे तोंड धुऊन दाखवलं, तेव्हा जुळला. मग तिने लिहून दिलं की ह्या वास्तूवर माझा कोणताही हक्क नाही. 'हयातीत अथवा मृत्युपश्चात' हे शब्द मॅडमनी खबरदारी म्हणून स्वतःच घातले.

"ताब्याचा प्रश्न मिटला," त्या म्हणाल्या. "कर्ज परत मागत नाही. आता ते पडझडीचं रंगकाम काढा, पुन्हा तपासणी करू आणि शेवटचे पैसे देऊ."

कुंडलिक बँकेतून थेट मढला. पण अनयचा चेहरा आनंदाने फुललेला.

"सर, पहिल्याच आठवड्यात सिरियल सुपरहिट! आता कसला रंग काढताय? करार आहे आपला. भुताला मुक्ती मिळाली की लगेच काढू!"

"कधी मिळणार?"

"ते चॅनेल ठरवणार!"

म्हणजे मालिका बंद पडल्याशिवाय कुंडलिकला घर नाही. आणि ती बंद कशी पडणार? कांदिवलीतली त्याची अख्खी चाळ ती बघत होती, आणि सगळ्यात पुढे बसून शकु!

"अगं, तू तरी बघू नकोस!"

"गप्प बसा हो," शकु म्हणाली. "आपला ओटा दाखवतायत. स्वैपाक नाही तर नाही, निदान बघू तरी द्या!" आणि तिने पदराने डोळे टिपले. ते भुतासाठी की ओट्यासाठी, हे विचारायची कुंडलिकची छाती झाली नाही.

पौर्णिमा आलीच. गृहप्रवेश पुढे ढकलावा असं कुंडलिकच्या मनात होतं, पण नांदेडहून निघालेली माणसं थांबवणार कशी? त्याने अनयचे पाय धरले. अनय विरघळला. जेवणाच्या सुट्टीत एक तास घर मिळेल, म्हणाला. अट एकच. कशालाही हात लावायचा नाही!

स्टेशनवरून केलेला टेम्पो ट्रॅव्हलर गल्लीत थांबला. नवी लुगडी, कडक पांढरी धोतरं, हातात फुलं आणि मेणबत्त्या. मंडळी उतरली, बंगला पाहिला आणि दोन पावलं मागे सरकली. लहान पोरंसुद्धा! फोनवरून वर्षभर ऐकलेला कुंडलिकचा बंगला तो हा!

वंदनेसाठी बोलावलेले भंतेजी जाळी लागू नयेत म्हणून वाकून आत आले. पारंब्यांखाली सतरंजी अंथरली. वंदना झाली, आणि त्या भेगाळ भिंतींत सगळ्यांचा आवाज असा काही घुमला की कुंडलिकच्या अंगावर काटा आला. घर अखेर आपलं झालं असं त्याला तेवढ्यापुरतं खरोखर वाटलं.

वंदना संपली. शिवदासकाका उठले, काठी टेकत एकेका भिंतीपाशी गेले, एकेक भेग बघून आले. मग कोपऱ्यात उभं राहून बायामाणसांशी काहीतरी कुजबुजले. पदराच्या गाठी सुटल्या, खिसे चाचपले गेले. काका परत आले आणि त्यांनी पंच्यात बांधलेलं काहीतरी कुंडलिकच्या हातात कोंबलं.

"हे काय काका?"

"डागडुजीला राहू दे. शहरात माणूस फसतंय कधीमधी. त्यात लाजायचं काय?"

"अहो काका, फसलो नाही मी! घर नवीन आहे! ह्या भेगा नाहीत, हा रंग आहे. थांबा, पुसून दाखवतो!" कुंडलिकने रुमाल काढला. पण दारात अनय उभा होता, आणि तो नकारार्थी बोट हलवत होता. कुंडलिकने रुमाल परत खिशात घातला. "खरंच सांगतो काका. सगळा नुसता रंग आहे!"

नांदेडच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. एकीने तोंडाला पदर लावला. काकांनी पुतण्याच्या पाठीवरून सावकाश हात फिरवला.

"व्हय लेकरा, रंगच हाय," ते म्हणाले. "तू रडू नको."