सखादादांचा धुळीचा नकाशा

सखादादा भोईर धूळ चाखून बघत. गंमत नाही करत, खरंच. खोपोलीहून मुंबईकडे वीज नेणाऱ्या लोखंडी खांबांवर तारा चिनी मातीच्या वाट्यांना लटकवलेल्या असतात. लाइन बंद ठेवायच्या दिवशी दादा वर चढत, वाटीवरची धूळ बोटानं जिभेला लावत, थुंकत आणि वरूनच ओरडत, "लिवा भाऊ, वीटभट्टीची हाय!"

मी, कंपनीचा कारकून, खाली मान वर करकरून लिहायचो. वाट्यांवर धूळ बसली आणि वर दव पडलं, की वीज वाटीवरून उडी मारते नि लाइन बंद. लढाईचे दिवस, मुंबईचे कारखाने एकसारखे चाललेले; लाइन पडली की साहेब आमच्यावर उखडायचा. म्हणून त्यानं दादांना हुकूम केला होता, कुठं कसली घाण बसते त्याचा नकाशा करा.

साहेबानं रंगीत पेन्सिली दिल्या. दादांनी त्या परत केल्या आणि घरातून रंग आणले. भट्टीच्या धुळीला कुंकू, खोपोलीच्या गाडीच्या धुराला काजळ, रस्त्याच्या फुफाट्याला हळद! साहेबानं नकाशा हातात घेतला तर बोटं पिवळी-लाल झाली. गणू शिपाई म्हणाला, "साहेबाचं लगीन लागलं."

हाच गणू एकदा धुळीच्या नमुन्याची पुडी अंगारा समजून घरी घेऊन गेला. एरवी आवाज न चढवणारे दादा त्या दिवशी त्याच्या अंगावर धावले. "अरं, ही धूळ मानसाच्या छातीत जाती रं! बसली की निघत नाय!"

ते का चिडले, ते मला कळलं. दादांच्या बायकोला दमा होता. वहिनींचा खोकला आमच्या सगळ्या आळीला ऐकू यायचा. गेल्या थंडीत तर दोनदा त्यांची आशाच सोडली होती.

त्या नकाशात एक जागा मात्र कोरी होती. माथेरानच्या पायथ्याकडचे चार-पाच खांब. मी म्हटलं, दादा, इथं चढायचा कंटाळा केलात वाटतं? ते नुसतेच हसले.

मग साहेबानं दादांना खोपोलीत फोरमन करायचं ठरवलं. पक्कं घर, जास्त पगार. आणि या शहाण्यानं नकार दिला! वर अर्ज केला, मला त्या कोऱ्या खांबांपाशी राखणदार करा. तिथं कुडाची झोपडी आणि विंचू! साहेबानं मला पाठवलं, त्याला शनिवारपर्यंत समजाव.

मी दादांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. "भाऊ... च्या... घेता?" एवढं म्हणायलाच त्यांना तीनदा थांबावं लागलं.

मी दादांना झाडलं. अहो, आजारी बायकोला घेऊन रानात जाता, वेडबिड लागलंय काय?

दादा हळू आवाजात म्हणाले, "डागदर म्हनला, हिला चांगल्या हवेत न्या. माथेरानचं हाटेल काय आमाला परवडनार? पर चांगली हवा आनखी कुठं हाय, ते काय त्यानं सांगितलं नाय. मग मीच हुडकली. दोन वर्सं गेली. त्या खांबांवर येकदाबी धूळ गावली नाय, भाऊ. तुमी वही बगा."

वही माझ्याच हातची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन मी साहेबाला सांगितलं, तो माणूस ऐकत नाही, अर्ज मंजूर करा. आणि भांडून मंजूर करून घेतला.

चार महिन्यांनी मी त्या बाजूला गेलो. झोपडी लांबून दिसत होती. अंगणात वहिनी उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी शेतापलीकडे हाक दिली, "अवो, खोपोलीचे भाऊ आलेत, हातातलं काम टाका आनि बिगीबिगी घराकडं या!"

मधे कुठंही न थांबता. पलीकडून दादा ओ देईनात. पाहिलं तर ते बांधावर बसले होते आणि डोक्याचं फडकं डोळ्यांना लावून वहिनींच्या दुसऱ्या हाकेची वाट बघत होते.