एका नळीवर बठ्ठा मळा

लोटन नानांच्या हृदयाचा पहिला धक्का बसला तो मुंबईच्या डॉक्टरांना. छातीत जळजळ होते म्हणून आलेल्या या चोपड्याकडच्या केळीवाल्याच्या हृदयाची फिल्म पाहून त्यांनी शेजारच्या खोलीतून आणखी तिघांना बोलावलं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमन्या दोन असतात, डावी आणि उजवी. नानांना डावी नव्हतीच. उजवीच वळसा घालून पलीकडे जात होती आणि डावीचंही काम करत होती.

"जन्मापासून असंच आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठे अडथळा नाही. चालत्या पट्ट्यावर पळवूनही पाहिलं. जळजळ मिरचीची आहे. खुशाल कामं करा."

नाना खुशीत घरी आले. रविवारी त्यांच्या मुलीची, इंदूची, सुपारी फुटायची होती, लग्न पक्कं करायला धुळ्याचे पाहुणे येणार होते. चूक एकच झाली. त्यांनी धाकट्या भावाला सगळं खरं सांगितलं.

रुपचंद मळ्याचं पाणी बघायचा. त्यानं लगेच हिशोब मांडला. "एकाच नळीवर बठ्ठा मळा? सारा?"

"साठ वरीस चालनं ना रे."

"म्हणजे नळी बी साठ वरीसनी शे. दोन व्हॉल्व एकदम उघडा, शेवटला वाफाले पाणी पोचत नही."

नानांच्या बायकोला, भागाबाईला, हे डॉक्टरपेक्षा जास्त पटलं. संध्याकाळपर्यंत नानांच्या अंगात मळ्यासारख्या पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या. जेवल्यावर दोन तास पोटाची पाळी, तेव्हा चालायचं नाही. चालताना बोलायचं नाही. बोलायचंच तर आडवं पडून. शेजारचा निंबा गप्पा मारायला आला, त्याला भागाबाईनं दारातच अडवलं.

"आते पोटनी पाळी शे. चार वाजता ये."

निंबा चारपर्यंत गप्प बसणारा नव्हता. तो चोपड्याच्या बाजारात गेला, आणि शनिवारपर्यंत धुळ्याला बातमी पोचली की नानांना अर्धंच हृदय आहे.

रविवारी मुलाचे वडील वना आप्पा एकटेच आले. निवृत्त हेडमास्तर. अंगणात खाटेवर पांघरलेले नाना आणि भोवती गप्प बसलेल्या दहा बायका पाहून त्यांनी दारातच टोपी काढली.

"मी मेलो नाही, आप्पा," नाना म्हणाले.

आप्पा सावरून खुर्चीत बसले. "स्पष्ट बोलतो. हे जन्माचं आहे म्हणता. मग मुलीतही उतरलं असेल. मला एकच मुलगा आहे."

स्वयंपाकघरातला इंदूच्या कपबशांचा आवाज थांबला. तो थांबलेला नानांनी ऐकला आणि ते पांघरूण फेकून उठले.

"अहो, पोटनी पाळी शे," भागाबाई म्हणाली.

"आप्पा, घड्याळ बघा," म्हणून नाना जे पळत सुटले ते थेट मळ्याच्या दिशेनं. बायका तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. "नाना, नळी फुटी," म्हणत रुपचंद मागे धावला.

अकराव्या मिनिटाला नाना परतले, खांद्यावर केळीचा घड घेऊन. रुपचंदला दोघांनी बखोटीला धरून आणलं आणि त्याच खाटेवर आडवं केलं. त्याला धड पाणीही मागता येईना.

आप्पांनी चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं.

"यांना धमन्या किती?"

"त्याले दोन्ही शेतस," नाना म्हणाले.

आप्पा भागाबाईकडे वळले. "आणि मुलगी कोणावर गेली?"

भागाबाई जरा अडखळली. "बापवर."

"मग सुपारी फोडायला उशीर कशाला?" आप्पा म्हणाले, आणि रुपचंदच्या खाटेपासून आपली खुर्ची जरा लांब सरकवून बसले.