थुटाला सांगून येणारे दौलतकाका

दौलतकाका झाडाच्या थुटाशी बोलतात. थूट म्हणजे झाड तोडल्यावर जमिनीत उरतो तो बुंधा. जिवंत झाडाशी बोलणारी माणसं असतात. तुळशीशी तर माझी आईही भांडते. पण झाड निघून गेल्यावर मागे राहिलेल्या बुंध्याशी, भर उन्हात, चपला काढून, खाली वाकून बोलणारा माणूस मी एकच पाहिला. आणि तो ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो.

आर्वीच्या बाहेर आमचा कारखाना आहे. सागाचे ट्रे, वाडगे, चमचे बनतात आणि परदेशात जातात. निर्यातीची कागदपत्रं मी बघते. मी बी.कॉम. आहे आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

आपल्या देशाच्या व्यापार धोरणात जंगलासाठी अटी आहेत. सागाचे अख्खे ओंडके सरसकट बाहेर पाठवता येत नाहीत. वस्तू बनवून पाठवायच्या, आणि लाकूड परवानगीने तोडलेल्या झाडाचं आहे हे दाखवायचं. हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते तळेगावच्या बाजारात वांगी-मेथी विकतात. त्यांनी मेथीची जुडी बांधता बांधता विचारलं, "म्हंजे सरकारले लाकडाचा बाप कोण, ते पायजे?"

"हो बाबा."

"मंग ठीक हाय. सोयरीक करतानी आपणही पायतोच."

हा बाप शोधायचं काम दौलतकाकांचं. परवानगीचं झाड तोडलं की ओंडक्यावर हातोड्याने नंबर ठोकतात आणि तोच नंबर त्याच्या थुटावरही ठोकतात. काका प्रत्येक ओंडक्याचं थूट शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन बघून येतात. इथवर नोकरी. पुढचं सगळं त्यांचं स्वतःचं.

नंबर जुळला की ते वाकतात आणि मोठ्याने बातमी देतात, "तुह्यं लाकूड चाललं बाप्पा. जहाजानं चाललं. चांगल्या घरी पडन." मग आवाज खाली जातो आणि ते बराच वेळ काहीतरी पुटपुटतात. ते काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. कारखान्यातले लोक त्याला मंत्र म्हणायचे. मी काकांना विचारलं तर म्हणाले, "सांगाचं अन् उठाचं. थांबाचं नाई. थांबलं का आपणच वाट पाहाले लागतो."

कुठलंही लाकूड दिसलं की ते आधी टकटक करतात आणि कान लावतात. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या सोफ्याला कान लावला. वरपिता धावत आला. काकांनी विचारलं, "कुठून आणला हो, पावणे?"

"भाड्याचा आहे. काऊन?"

"काई नाई. रडून राह्यला."

नवरदेव पुढचा सगळा वेळ काठावर टेकून बसला. फोटोत तो उठायच्या तयारीत दिसतो.

मी स्कूटीची चावी उचलली की काकांचा प्रश्न ठरलेला, "कुठं चालली बाई? सांगलं काय?"

"काका, समोर चहा प्यायला चालले."

"तरी सांगा लागते. न सांगता गेलं का मागच्याचं मन जागेवर रायत नाई."

काका मूळचे गिरडकडचे. काकू गेल्यावर आर्वीत आले आणि एसटी डेपोच्या मागे खोली घेतली. दाराला कडी नाही. लावायची राहिली असेल म्हणून मी एकदा सुचवलं, तर माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

यंदा एप्रिलमध्ये एका ठेकेदाराकडून सागाचा माल आला. त्यावर नंबर होते, कागद होते, सगळं होतं. पण तो गोदामात उतरल्यापासून दुपारी आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. उन्हाने लाकूड तडकतं, हे मला माहीत आहे. पण ते तडकणं कसंही येतं. हे कोणीतरी दार वाजवल्यासारखं होतं.

एक दिवस जेवणाच्या सुटीनंतर करवतीवरचा शालिक धावत आला. "मॅडम, ओंडक्याईचे तोंडं आपण भिताडाकडं ठेवलेते ना? आता दाराकडं हायेत."

"कोणी हलवले असतील."

"हलवाले क्रेन लागते. काका, भूत-बित असन तं आताच सांगा. मी ओव्हरटाइम नाई करत मंग."

काका शांतपणे म्हणाले, "भूत नाई. त्याइले घरी जाचं हाय."

ठेकेदाराने थूट दाखवायला आम्हाला तळेगावजवळच्या एका धुऱ्यावर नेलं. नंबर बरोबर होता. काकांनी चपला काढल्या, वाकले, तोंड उघडलं आणि मिटलं. "याले मी काय सांगू? याचं लाकूड कवाच चुलीत गेलं."

मी जवळ जाऊन पाहिलं. थूट जुनं, करडं, वाळवीने पोखरलेलं. नंबर तेवढा कालचा.

कारखान्यात परतून हे सांगितलं तर मालक भडकले. "थूट तं थूट! आता त्याचं आधार कार्ड काढू काय? हा माल परवा नाही गेला तर ऑर्डर गेली. ऑर्डर गेली तर निर्यात बंद. मग तुम्ही दोघंही घरी!" मग माझ्याकडे वळून जरा गोडीने म्हणाले, "तू शिकलेली आहेस. थूट जुळल्याच्या कागदावर तू करून टाक सही."

मी म्हणाले, "साहेब, माझे बाबा अंगठा लावतात. आमच्या घरातली पहिली सही माझी आहे. ती खोट्यावर नाही करणार. मला उद्याचा दिवस द्या."

तो माल आणणाऱ्या ट्रकवाल्याला चहा पाजला तेव्हा त्याने सांगितलं, की माल आष्टीकडच्या जंगलाच्या काठावरून भरला. दुसऱ्या दिवशी मी आणि काका स्कूटीने निघालो. काकांनी ओंडक्याच्या बुडाची एक पातळ चकती कापून दुपट्ट्यात गुंडाळली होती आणि ती मांडीवर घेऊन बसले होते, लेकरू घेऊन बसावं तसे.

पोचेस्तोवर बारा वाजले. एप्रिलमध्ये सागाला पान नसतं, सावलीही नसते. एकही पाखरू बोलत नव्हतं. खाली वाळलेल्या पानांचा जाड थर, पापडासारखा वाजणारा. आम्ही दोघं चाललो होतो. मी घाम पुसायला थांबले, काकाही थांबले. पानं मात्र आमच्या मागे आणखी थोडी वाजली, आणि मग थांबली.

"काका..."

"मांगं पाहू नको. तेही आपल्यासंग आलं हाय." त्यांनी दुपट्ट्यावर हात ठेवला. पदवीदान समारंभात काढलेला फोटो मी मनातल्या मनात घट्ट धरला आणि चालत राहिले.

पानांचा एक ढीग जरा जास्तच नीट रचलेला होता. काकांनी तो बाजूला केला. खाली ताजं थूट होतं, त्यावर नंबर नव्हता. काकांनी चकती त्याच्यावर ठेवून हळूहळू फिरवली, आणि एका जागी ती डब्यावर झाकण बसावं तशी बसली. रेघेला रेघ मिळाली. मागची पानं एकदम गप्प झाली.

चोरीची तोड होती. आता तो माल कुठेच जाणार नव्हता.

काका वाकले. या वेळी मी जवळच उभी होते, लांब जायची माझी हिंमत नव्हती. "तुह्यं लाकूड आर्वीले हाय बाप्पा," ते मोठ्याने म्हणाले. "बाहेर नाई जात." मग पुटपुटणं सुरू झालं, आणि ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"जे जातात त्याइच्या थुटाले म्या निरोप देतो का, तुह्या लाकडाले तिकडं आमचा न सांगता गेलेला पोरगा, सुधीर, दिसला तं सांगाले लावजो, माय गेली म्हना. दार उघडंच हाय म्हना. तुले काय सांगू? तुह्यं लाकूड तं इथंच हाय." त्यांनी थुटावरून हात फिरवला. "तुले निदान कोणी सांगाले तरी आलं."

खोट्या थुटाला ते का फसत नव्हते, ते तेव्हा मला कळलं. खोट्या थुटाला सांगितलेला निरोप पोचला नसता.

तो माल आम्ही बाजूला काढला आणि वनखात्याला कळवलं. मालक दोन दिवस धुसफुसत होते. गिऱ्हाईक कमी मालावर तयार झालं, आणि आमची टेबलं जागेवर राहिली. गोदामातला आवाज तेव्हापासून बंद आहे.

मागच्या आठवड्यात पुढचा माल निघाला, हॅम्बुर्गला. काकांनी ते नाव मला विचारून दोनदा घोकलं. धुऱ्यावर जाऊन बातमी दिली, पुटपुटले, उठले आणि चपला घालून पुढे निघाले. "चाल बाई. थांबाचं नाई."

मी कागदपत्रांचं काम करते. पत्ता अर्धवट असला की माल पोचत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. काका निरोप पाठवतात, पण गिरडचं घर सोडलं हे सुधीरला कळणार कसं?

ते पुढच्या बाभळीपाशी पोचल्यावर मी चपला काढल्या. वाकले. "सुधीर दौलतराव," मी म्हणाले. "वडील आता आर्वीत राहतात. एसटी डेपोच्या मागची गल्ली, कडी नसलेलं दार."

आणि थांबायचं नसतं हे माहीत असूनही, थोडा वेळ तिथेच थांबले.